गंजिफांची पेटी

गेल्या वर्षीच्या आपल्या हस्तकला प्रदर्शनात माझ्या वाट्याला आलेल्या मेजावर मी दोन लाकडी पेट्या मांडल्या होत्या. एक जुनी, कडांचा रंग उडालेली. दुसरी नवी, लाखेच्या झिलईने चकाकणारी. दोन्ही विकावयाच्या नव्हत्या, तरीही सर्वांत अधिक चौकशी त्यांचीच झाली. कोणी विचारले, "दागिन्यांची पेटी का हो ही?" कोणी म्हणाल्या, "पानसुपारीची दिसते." दोन्ही पेट्या पत्त्यांच्या आहेत असे मी सांगितले तेव्हा बहुतेकींना हसू आले. एका भगिनीने तर स्पष्टच विचारले, "अहो, पत्त्यांना एवढं मखर कशाला?"

त्या गर्दीत मला धड उत्तर देता आले नाही. चिटणीसबाई जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं उत्तर स्मरणिकेत लिहून द्या." मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. परंतु आजोळ सावंतवाडीचे असल्यामुळे या पेट्यांचा सहवास मला लहानपणापासून लाभला, आणि पुढे जे वाचले, पाहिले, विचारले, ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गंजिफा म्हणजे आपल्याकडचे जुने पत्ते. आज आपण जे पत्ते खेळतो ते कागदाचे, चौकोनी, छापलेले. गंजिफा वाटोळ्या, हाताने रंगविलेल्या आणि कडक असतात. पत्त्यांचा खेळ मूळ चीनकडचा, असे जाणकार मानतात. तिकडून तो इराणात आला आणि इराणातून मोगलांबरोबर आपल्याकडे. बाबर बादशहाने 1527 साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्याने त्या मागविल्या होत्या. पुढे अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ऐने अकबरीत बारा रंगांच्या, म्हणजे 144 पानांच्या गंजिफांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. नंतर लोकांत रूढ झाला तो आठ रंगांचा, 96 पानांचा संच. त्यात ताज, शमशेर, गुलाम, चंग असे रंग असत. ही सारी बादशाही मांडणी: मुकुट, तलवार, नोकरचाकर, वाद्ये, नाणी.

हा खेळ आपल्या लोकांच्या हाती आला तेव्हा त्यांनी त्यात मोठा बदल केला. बादशाही खात्यांच्या जागी त्यांनी विष्णूचे दहा अवतार आणून बसविले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत दहा पाने. एकूण 120. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. अंक लिहिलेला नसे. मासे मोजावे आणि पान ओळखावे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हा खेळ खेळता येई, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

देशात हा दशावतारी खेळ निरनिराळ्या ठिकाणी रुजला. बंगालात विष्णुपूर, ओरिसात पुरी आणि रघुराजपूर, दक्षिणेत म्हैसूर ही त्यांतली नावाजलेली ठिकाणे. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार यांना तर याचा इतका नाद की त्यांनी स्वतः नवे नवे संच रचले. त्यांतल्या सर्वांत मोठ्या संचाची पाने 360 भरतात! आपल्या महाराष्ट्रात ही कला नावारूपाला आली ती सावंतवाडीत. तिसरे खेम सावंत भोसले यांची कारकीर्द 1755 ते 1803 अशी जवळजवळ अर्धशतकाची. त्यांच्या दरबारी तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी हा खेळ आणला, महाराजांना तो आवडला आणि त्यांनी गावातल्या चितारी मंडळींकडून गंजिफा करवून घेतल्या, असे परंपरेने सांगतात. ज्या आळीत हे कारागीर राहत ती चितार आळी. सावंतवाडीची लाकडी फळे, भाज्या, पाट, पाळणे आणि खेळणी आपण जत्रेतून आणतो, ती याच आळीची.

आता पेटीकडे येते. गंजिफेचे एक पान कसे होते हे कळले म्हणजे पेटीचे कारण आपोआप कळते. आमच्या आजोळच्या घराला लागून एका चिताऱ्याचे घर होते. मी लहान होते तेव्हा त्या घरात गंजिफांचे काम जवळजवळ थांबले होते. खेळणी आणि पाट मात्र होत. त्या घरातल्या आजींनी मला ओट्यावर बसून सारी रीत सांगितली होती. चिंचोके भाजावयाचे, भिजत घालून त्यांची टरफले काढावयाची, वाटून ते शिजवावयाचे. या खळीने कापडावर कापड किंवा कागदावर कागद चिकटवीत जाडी आणावयाची. ते वाळले की वाटोळी पाने कापावयाची. मग त्यावर खडूच्या भुकटीचे हात द्यावयाचे आणि गुळगुळीत दगडाने घासून घासून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा करावयाचा. त्यानंतर रंग, त्यानंतर बारीक कुंचल्याने चित्र आणि शेवटी लाखेचा हात. एका पानाला इतके सोपस्कार. अशी पाने 120. त्या घरी खळ शिजविणे, वाटणे, घासणे हे सारे काम बायकांकडे असे. "चित्र काढतो त्याचं नाव होतं," त्या आजी म्हणाल्या होत्या, "खळ शिजवते तिचं कोण विचारतो?" त्या वेळी मी अकरा वर्षांची होते. त्या बोलण्याचा अर्थ कळावयाला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

इतक्या कष्टाचे पान कोनाड्यात उघडे कसे ठेवणार? त्यातून आमचे कोकण. चार महिने पाऊस, भिंतींना ओल, कपाटात बुरशी. कापडाचे पान दमट झाले की वाकते, आणि वाकलेले पान पाठीमागूनही ओळखू येते. तसे झाले तर खेळातली मौजच गेली. शिवाय पत्त्यांच्या संचाची एक अवघड गोष्ट अशी की तो एकतर पुरा असतो, नाहीतर नसतोच. भांड्यांतली एक वाटी हरवली तर राहिलेल्या पाच चालतात. 120 पानांतले एक हरवले तर डाव मांडताच येत नाही. तेव्हा पेटी हे मखर नव्हे. तो संचाचा निम्मा जीव आहे.

माझी जुनी पेटी साडेसहा इंच लांब, सव्वातीन इंच रुंद आणि तीन इंच उंच आहे. आत साठ-साठ पानांच्या दोन चळती शेजारी शेजारी बसतात. बिजागरी नाही, कडी नाही, खिळा नाही. झाकण खाचेतून सरकते आणि त्यावर अंगठा टेकविण्यापुरता खळगा आहे. लोखंड न वापरण्यात शहाणपण होते. आमच्या हवेत ते एका पावसाळ्यात गंजते. मात्र झाकण फार घट्ट बसवूनही चालत नाही, कारण आषाढात लाकूड फुगते आणि मग कितीही जोर लावा, पेटी उघडत नाही. आजी हसून म्हणे, "पेटीचा चातुर्मास बसला."

रंग हिंगुळासारखा तांबडा. लांबीच्या दोन्ही बाजूंवर पाच-पाच अवतार, आखूड बाजूंवर कमळे, झाकणावर वेलबुट्टी. नवव्या अवताराच्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठोबा आहे. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी दशावताराच्या चित्रांत बुद्धाच्या जागी विठोबा काढीत. चिताऱ्याला जो देव ओळखीचा तो त्याने काढला. आतून मात्र पेटीला काहीच रंग नाही. कोरे लाकूड. पाने रंगाला चिकटू नयेत म्हणून तसे केले असावे, असे मला वाटते.

ही पेटी माझ्या आजीची. दुपारची जेवणे उरकली, भांडी आवरली, आजोबा माजघरात कलंडले की आजी ही पेटी घेऊन मागल्या पडवीत बसे. समोरच्या घरच्या काकू येत आणि आमच्या आत्याआजी येत. या खेळाला तिघे लागतात. 120 पाने तिघांत वाटली की प्रत्येकाला चाळीस. चाळीस वाटोळी पाने हातात धरणे हीच एक कसरत. लुगड्याच्या ओच्यात निम्मी ठेवून त्या खेळत. दिवसा खेळले तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने पहिली उतारी करावयाची आणि रात्री खेळले तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याने. यात हुकूम नसतो. निम्म्या रंगांत दहाचे पान मोठे, तर निम्म्यांत एक्का मोठा. कोणती पाने पडून गेली आणि कोणती कोणाकडे असतील हे सारे ध्यानात ठेवावे लागते. माझी आजी दुसरी इयत्ताही शिकलेली नव्हती. पण डावाच्या शेवटी कोणाच्या हातात काय उरले आहे ते ती पाने न पाहता सांगे.

एका मे महिन्यात मी आजोळी गेले तेव्हा पेटी कोनाड्यात तशीच होती. दोन दिवस झाले, चार झाले, पेटी काही निघेना. मी विचारले, "आजी, गंजिफा नाही का खेळत?" समोरच्या काकू मुलाकडे मुंबईला राहावयास गेल्या होत्या. आजी म्हणाली, "पान हरवलं असतं तर चिताऱ्याकडून नवं करून घेतलं असतं. तिसरी बाई कुठून करून आणू?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू बसतेस का? शिकवते मी."

मी बसले नाही. ओटीवर मामेभावंडे पाच-तीन-दोन खेळत होती. नवेकोरे, गुळगुळीत, राजाराणीचे विलायती पत्ते होते आणि मला तिकडे जावयाची घाई होती. मी म्हटले, "उद्या बसेन." तो उद्या त्या सुट्टीत आला नाही आणि पुढच्याही सुट्टीत आला नाही. 1963 साली आजी गेली.

आता मागे वळून पाहिले म्हणजे कळते की जे माझ्या आजोळच्या पडवीत घडले तेच देशभर घडले होते. इंग्लंडात 1831 साली टॉमस डी ला रू याने पत्ते यंत्रावर छापण्याचे पेटंट मिळविले. पुढे छापील पत्ते स्वस्त झाले आणि जहाजे भरभरून आपल्याकडे आले. बावन्न पाने, खिशात मावतील अशी. हरवली तर दुसरा जोड घ्यावा. त्यांच्यासाठी पेटीची गरज नाही, चिताऱ्याची नाही आणि वर्ष-वर्ष जपण्याचीही नाही. गंजिफांचे गिऱ्हाईक आटले तसे चितारी खेळण्यांकडे वळले, कोणी घरे रंगवू लागले. संस्थाने विलीन झाली आणि दरबारचा आश्रयही गेला. या साऱ्या कारणांत आणखी एक कारण मी माझ्यापुरते घालते: ज्या मुलींना 'बस' म्हटले होते त्या बसल्या नाहीत.

माझ्या हातून याहूनही एक चूक घडली आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आजीची पेटी मामीने मला लग्नात दिली. मुंबईत एका खोलीचा संसार. पेटी देखणी, म्हणून मी तिच्यात बटणे, हूक आणि रिळे ठेवू लागले आणि गंजिफा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर टाकल्या. शिवणाच्या पेटीचे सर्वांनी कौतुक केले. सात-आठ वर्षांनी डबा उघडला तेव्हा माळ्यावरच्या ओलीने तळ गंजून गेला होता आणि खालची पाने एकमेकांना चिकटून त्यांची लाख सोलून निघाली होती. धड उरलेली पाने मोजली. ती त्र्याऐंशी भरली. वराहाचा राजा आणि मत्स्याचा प्रधान त्यांत नव्हते. ज्या पेटीने ती पाने कोकणातल्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली तिच्यातून ती मी काढली होती, बटणांसाठी.

ही कला मात्र नष्ट झाली नाही आणि याचे श्रेय फार मोठ्या अंशी एका स्त्रीला आहे. सावंतवाडीच्या राणी सत्त्वशीलादेवी भोसले या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. त्या आणि त्यांचे पती शिवरामराजे भोसले यांनी चौकशी केली तेव्हा गंजिफांची सगळी रीत जाणणारे पुंडलिक चितारी नावाचे एकच वृद्ध कारागीर उरले होते. वय ऐंशीच्या पुढे. या राजदंपतीने त्यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि 1971 साली राजवाड्यात कारखाना सुरू केला. जिथे पूर्वी दरबार भरे त्या दालनात कारागीर बसून पाने रंगवू लागले. राणीसाहेब स्वतः चित्रे काढीत. 2018 साली त्यांचे निधन झाले. एका म्हाताऱ्या माणसाने 'बस' म्हटले आणि राणी त्याच्यासमोर शिकावयास बसली, हे मी वाचले तेव्हा मला आजीची पडवी आठवली आणि मान खाली गेली.

1986 साली मी यजमानांबरोबर तो राजवाडा पाहावयास गेले. उंच छताचे दालन, भिंतीवर जुनी चित्रे आणि खाली बैठ्या मेजांशी मुलेमुली कुंचले घेऊन बसलेली. एक मुलगी कासवे रंगवीत होती. नऊ कासवे, प्रत्येकाला चार पाय, मान आणि शेपटी. श्वास रोखून ती एकेक रेघ ओढत होती. शिवणाचे साठविलेले पैसे मी सोबत नेले होते. त्यांतून दशावतारी गंजिफांचा पुरा संच घेतला आणि घरी येऊन पहिले काम केले ते हे की बटणे काढून पेटी पुसली आणि 120 पाने तिच्यात ठेवली. ती बरोबर बसली.

पण बसवून काय केले? पेटी काचेच्या कपाटात ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखविली. खेळ एकदाही मांडला नाही. आता पुष्कळ घरी गंजिफांचे हेच होते. लोक सुंदर पेटी भेट म्हणून देतात, चित्रे चौकटीत लावतात. डाव कोणी मांडत नाही.

यातून मला जागे केले ते माझ्या नातीने. ती आर्किटेक्चर शिकते. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ती टॅरोचे पत्ते घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या गंजिफांच्या पेटीसारखी पेटी मला यांच्यासाठी करून दे ना." टॅरो म्हणजे भविष्य सांगावयाचे पत्ते एवढेच मला ठाऊक होते. मी म्हटले, "असल्या गोष्टींसाठी मी पेटी करायची नाही." ती हसली आणि म्हणाली, "भविष्य राहू दे गं. आधी चित्रं तर बघ." चित्रे पाहिली, मग तिने आणून दिलेली पुस्तके वाचली आणि माझा गैरसमज पुष्कळ दूर झाला.

टॅरोचे पत्ते आणि आपल्या गंजिफा दूरच्या चुलत बहिणी आहेत. इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळचे हाताने रंगविलेले पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेले आहेत. त्यांतल्या एका पानावर 'कंजिफा' हाच शब्द लिहिलेला आहे. त्याच धर्तीचे पत्ते 1370 च्या सुमारास युरोपात पोहोचले. पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या असे त्यांचे चार रंग. 1440 च्या सुमारास उत्तर इटलीत त्यांना चित्रांची आणखी पाने जोडली गेली आणि पुढे 78 पानांचा संच रूढ झाला. मिलानच्या ड्यूकांसाठी सोन्याच्या वर्खाचे संच रंगविले गेले. आणि हे सारे होते खेळण्यासाठी. 1781 साली पॅरिसच्या कूर द जेबलँ या लेखकाने या पानांत प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडले आहे असा तर्क मांडला. त्याला पुरावा काही नव्हता, परंतु तेव्हापासून ही पाने भविष्याकडे वळली. तोवर सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ ती केवळ खेळली जात होती.

नातीच्या संचाची चित्रे एका बाईने काढलेली आहेत, हे मला सर्वांत अधिक भिडले. तिचे नाव पामेला कोलमन स्मिथ. 1909 साली लंडनमध्ये तिने हा 78 चित्रांचा संच काढला. आज जगभर सर्वांत अधिक चालतो तो हाच. तिला मोबदला अगदी थोडा मिळाला. संचाला नाव पडले ते प्रकाशक राइडर आणि तो करवून घेणारा लेखक वेट यांचे. 1951 साली ती कर्जबाजारी अवस्थेत वारली. पण नात म्हणाली, "हे बघ आजी," आणि तिने चित्राच्या कोपऱ्यात बोट ठेवले. तिथे नागमोडी अक्षरांची इवलीशी सही होती. नाव कोणी छापले नाही, तेव्हा बाईने आपले आपणच लिहून ठेवले! मला चितार आळीतल्या त्या आजींची आठवण झाली. त्यांना सही करावयाला कोपराही मिळाला नव्हता.

मग मी पेटी करावयास घेतली. कोणा भगिनीला करावयाची असेल तर अनुभवाचे चार बोल सांगते. हे पत्ते पाऊणेतीन इंच रुंद आणि पाऊणेपाच इंच लांब असतात. पेटी आतून दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच सैल ठेवावी, नाहीतर बोटे आत जात नाहीत आणि पाने काढताना कडा दुमडतात. जुने, मुरलेले सागवान घ्यावे. ओले लाकूड पुढे वाकते. सुताराकडून खाच पाडून घ्यावी आणि झाकण पावसाळ्याचा विचार करून किंचित ढिले ठेवावे. बाहेरून काचपेपर मारावा, खडू आणि खळ यांचे तीन हात द्यावे, प्रत्येक हात पुरा वाळू द्यावा, आणि मग गुळगुळीत दगडाने घासावे. आधी चौकटी आखून घ्याव्या, मग वेल, मग आकृती. लाखेचा शेवटचा हात दिल्यावर पेटी निदान पंधरा दिवस उघडी ठेवावी. माझी पहिली पेटी मी चौथ्या दिवशी बंद केली आणि झाकण असे चिकटले की सुताराने ते फोडूनच काढले. आतून रंग देऊ नये. मी जुन्या खणाच्या चोळीचे अस्तर लावले. खणाचा काठ बरोबर पेटीच्या कडेला आला.

पेटी पुरी झाली तेव्हा तिच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात, मी माझे नाव घातले. आयुष्यात शेकडो झबली, पोलकी, पडदे शिवले. नाव घातले ते पहिल्यांदाच.

नातीने तिचे पत्ते त्या पेटीत ठेवले आणि काचेच्या कपाटाकडे पाहून विचारले, "आणि त्या पेटीतले पत्ते कसे खेळायचे?" मी सांगू लागले आणि माझ्या ध्यानात आले की निम्मे नियम मी विसरले आहे. पडवीतले जे आठवले ते आठवले; राहिलेले पुस्तकांतून आणि सावंतवाडीला विचारून जुळविले. 1986 साली घेतलेली पाने प्रथमच हातात आली. वाटोळी पाने हातातून निसटत होती. शेवटी मी पदरात ठेवली आणि नातीने ओढणीत.

तेव्हा 'पत्त्यांना एवढं मखर कशाला' या प्रश्नाचे माझे उत्तर हे. पुढच्या माणसाला पुरा डाव मिळावा म्हणून. पेटी एवढेच करू शकते. ती पाने राखते. खेळ राखणे तिच्या हातचे नाही. ते काम माणसांचे, आणि माणसे मिळण्याचे ठिकाण म्हणजे आपले मंडळ. समोरच्या घरच्या काकू गावाला गेल्या म्हणून माझ्या आजीची पेटी बंद पडली. त्या काळी आजीजवळ असे मंडळ नव्हते. आपल्याजवळ ते आहे.

गुरुवारी भजनाचा वर्ग साडेपाचला सुरू होतो आणि तीनपासून आपली खोली मोकळी असते. नातीला त्या दिवशी लवकर सुट्टी मिळते. मी जुनी पेटी घेऊन येईन. नियम अवघड नाहीत. मासे मोजता आले की पुरे. आम्ही दोघी आहोत. तिसरी हवी आहे.